‘सगळे धर्म एकच सांगतात’ म्हटल्यावर बोलायचं काय उरतं?

वेगवेगळ्या धर्मांची माणसं मुद्दाम एकत्र बसली की पहिल्या दहा मिनिटांत कुणाच्या तरी तोंडून ते वाक्य येतंच: ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात.’ सगळ्यांच्या माना डोलतात, हायसं वाटतं, आणि खरं तर बैठक तिथेच संपते. नंतर उरतात ते आभारप्रदर्शन आणि फोटो. ज्याला ते वाक्य पटलेलं नसतं तो गप्प राहतो. एवढ्या गोडव्यात मिठाचा खडा कोण टाकणार?

वाक्यामागचा हेतू चांगला असतो, पण वाक्य खरं नाही. जैन आणि बौद्ध परंपरांमध्ये जग निर्माण करणारा ईश्वरच नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा कणा म्हणजे येशूचं क्रूसावरचं मरण आणि पुनरुत्थान. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात (अध्यायात) मात्र त्याला क्रूसावर मारलंच नाही असं सांगितलं आहे. वेदान्त आत्म्याभोवती फिरतो, तर बुद्धाच्या शिकवणीत अनात्म, म्हणजे कायम टिकणारा आत्मा नाही, हाच पाया आहे. यातलं काहीही किरकोळ नाही. यासाठी माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. ‘एकच सांगतात’ म्हणणारा मोठ्या सौजन्यानं त्या सगळ्यांना सांगत असतो की तुम्ही उगाच शिणलात.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखानं होणारा आनंद) आणि उपेक्षा या चार भावनांची साधना सांगितली आहे. तिथे प्रत्येक भावनेला दोन शत्रू दिले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा ओळखायला सोपा असतो. करुणेचा दूरचा शत्रू म्हणजे क्रौर्य, त्यात कुणाचा घोटाळा होणार नाही. जवळचा शत्रू फसवा, कारण तो त्या भावनेसारखाच दिसतो. करुणेचा जवळचा शत्रू शोक, मैत्रीचा आसक्ती. आणि उपेक्षेचा, म्हणजे समतोल नजरेचा, जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. (मराठीत तर हा शब्दच शत्रूच्या गोटात जाऊन बसला आहे. ‘उपेक्षा’ म्हटलं की आपल्याला दुर्लक्षच कळतं.) ‘सगळे सारखेच’ हे बहुतेक वेळा या जवळच्या शत्रूचं वाक्य असतं. समोरच्याचं नीट ऐकायचा त्रास वाचतो, वर मनाचा मोठेपणाही पदरात पडतो.

इतिहासात याच्या उलट टोकाची चूकही सापडते. अकबरानं १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीला धर्मचर्चेसाठी इबादतखाना उभारला. सुरुवातीला तिथे फक्त मुस्लिम विद्वान येत. पहिलं भांडण ईश्वराच्या स्वरूपावरून झालं नाही, बसायच्या जागेवरून झालं. कोण कुणाच्या वर बसणार यावरून एवढी कुरबुर झाली की बादशहाला अमीर, सय्यद, उलेमा आणि शेख अशा चार गटांना चार दिशा वाटून द्याव्या लागल्या. त्याच्या दरबारातल्या इतिहासकार बदायुनीनं हे नोंदवून ठेवलं आहे. पुढे हिंदू, जैन, पारशी आले, १५८० मध्ये जेझुइट पाद्री आले. चर्चा विद्वत्तापूर्ण होत्या, पण काही वर्षांत तो प्रयोग विरून गेला. त्याची कारणं अनेक देता येतील. मला त्यातलं एक सगळ्यात बोलकं वाटतं: प्रत्येकाचं तोंड बादशहाकडे होतं. ज्याला जिंकायचं होतं त्याला समोरच्याला पटवायचंच नव्हतं, वर बसलेल्याला पटवायचं होतं. आजही व्यासपीठ, प्रमुख पाहुणे आणि समोर श्रोते अशी मांडणी केली की हेच होतं. प्रत्येक वक्ता आपल्या धर्माचा वकील होतो आणि श्रोते न्यायाधीश. शिकागोची १८९३ ची सर्वधर्म परिषद ११ ते २७ सप्टेंबर अशी सतरा दिवस चालली. आपल्या लक्षात राहिली आहेत ती भाषणं. तिथे कुणी कुणाला काय विचारलं, हे कितीजणांना सांगता येईल?

अकबराच्याच काळात एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात दोघं एकमेकांच्या आचाराचे वाभाडे काढतात. आजच्या शांतता समितीला ऐकवणार नाहीत अशी वाक्यं त्यात आहेत. आणि शेवटी ते एकमेकांना भेटतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मनातलं बाहेर, मग आलिंगन. आपण हल्ली आलिंगनापासून सुरुवात करतो आणि मनातलं घरी घेऊन जातो.

तर मांडणी कशी असावी? आठ ते बारा माणसं, एकाच गोलात, सारख्या उंचीच्या खुर्च्या. बारापेक्षा जास्त झाली की चौघं बोलतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. कुठल्याही एका धर्माची माणसं निम्म्याहून जास्त नकोत. आणि दुसरी अट बरेचदा विसरली जाते: कुणीही आपल्या धर्माचा एकटाच नको, किमान दोघं हवेत. एकटा माणूस राजदूत होतो. प्रत्येक प्रश्नाचं अधिकृत उत्तर त्यालाच द्यावं लागतं आणि घरातली भांडणं त्याला झाकावी लागतात. दोघं असली की अर्ध्या तासात त्यांचंच एकमेकांशी पटेनासं होतं, आणि बाकीच्यांना पहिल्यांदा कळतं की समोरचा धर्म एका सुरात बोलत नाही. हे कळणं दहा व्याख्यानांच्या तोडीचं आहे.

वेळ नव्वद मिनिटं, आणि एकदाच भेटून चालणार नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं सहा बैठका ठरवून घ्याव्यात. पहिल्या दोन सभ्यतेत जातात, तिसरीत कुणीतरी दुखावतं, चौथीला तो माणूस येतो की नाही यावर बरंच ठरतं. म्हणून तिसरीनंतर संयोजकानं फोन करायचा असतो, निरोप पाठवायचा नसतो. तारखा धरतानाही शुक्रवारची दुपार, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा ज्यूंच्या शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीचा, काळ आणि रविवारची सकाळ सोडावी लागते. रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीची दिनदर्शिका यंदा चालत नाही. या बाबी क्षुल्लक दिसतात. पण ज्याच्या सणाच्या दिवशीच बैठक ठरते, त्याला आपलं इथे किती चालतं ते न सांगता कळतं.

मध्ये काय ठेवायचं? माझं उत्तर: मजकूर. नुसतं ‘शांतीविषयी बोलू या’ म्हटलं की सुविचार येतात. १९९० च्या दशकात पीटर ओक्स हे ज्यू अभ्यासक आणि डेव्हिड फोर्ड व डॅनियल हार्डी हे अँग्लिकन धर्मपंडित यांनी आपापले धर्मग्रंथ शेजारी ठेवून वाचायची एक पद्धत रुजवली. थोड्याच काळात मुस्लिम अभ्यासकही त्यात आले. तिचा हेतू एकमत घडवणं हा नाही, मतभेदाचा दर्जा सुधारणं हा आहे. एक विषय, प्रत्येक परंपरेतला दहा-पंधरा ओळींचा उतारा, सगळ्यांच्या हातात छापील पान. आधी मूळ भाषेत मोठ्यानं वाचन, मग भाषांतर, मग त्या परंपरेतल्या माणसानं तीन मिनिटांत संदर्भ सांगायचा. तीनच मिनिटं, नाहीतर प्रवचन सुरू होतं. नंतर वीस मिनिटं प्रश्न, आणि प्रश्न इतर परंपरांच्या माणसांनी विचारायचे.

‘अतिथी’ हा विषय घ्या. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अब्राहामाकडे भर दुपारी तीन अनोळखी माणसं येतात. तो धावत पुढे जातो, पाय धुवायला पाणी देतो, वासरू शिजवून पुढ्यात ठेवतो, आणि पाहुणे जेवतात. कुराणातही इब्राहीमकडे हेच पाहुणे येतात. तिथेही वासरू आहे, पण अकराव्या सूऱ्यात पाहुण्यांचे हात जेवणाकडे जात नाहीत आणि इब्राहीम मनातून घाबरतो. का घाबरतो? आपल्या घरचं न खाणारा पाहुणा शत्रू असू शकतो म्हणून? की ही माणसं नाहीत हे त्याला जाणवलं म्हणून? दूत जेवतात का, हा प्रश्न ज्यू पंडितांनाही पडला होता. तल्मुद या आपल्या धर्मचर्चेच्या ग्रंथात त्यांनी म्हटलं की ते जेवल्यासारखे दिसले. बायबलच्या नव्या करारातलं ‘इब्री लोकांस पत्र’ सांगतं की पाहुणचार करताना काहींनी नकळत देवदूतांचं स्वागत केलं. तैत्तिरीय उपनिषद अतिथीला देवच मानायला सांगतं, म्हणजे इथे नकळत काही नाही. आणि जैन श्रावकाच्या बारा व्रतांमधलं अतिथिसंविभाग हे व्रत आणखी वेगळ्या अंगानं जातं: आपल्यासाठी केलेल्या अन्नातला वाटा साधूला द्यायचा, त्याच्यासाठी मुद्दाम काही करायचं नाही.

इथे हमखास काय बिनसतं? वासरू. जैन किंवा शाकाहारी हिंदू वाचक त्या ओळीला अडखळतो, चेहऱ्यावर दिसतं, आणि संयोजकाला वाटतं की पुढच्या वेळी हा उतारा नको. उतारा काढू नये. त्या अडखळण्यावरच दहा मिनिटं द्यावीत. ‘तुम्ही वाचताना थांबलात, का ते सांगाल?’ एवढं विचारलं तरी पुरतं. ऐकणाऱ्यांना कळतं की आपल्या कथेतला उदारपणा दुसऱ्याला हिंसा वाटू शकतो, आणि सांगणाऱ्यालाही दिसतं की तिथे पाहुण्यासाठी घरातलं सर्वांत चांगलं ते दिलं गेलं होतं. दोघांपैकी कुणाचंच मत बदलत नाही. तसं ठरलेलंही नसतं.

नियम थोडे हवेत, पण ते पहिल्याच दिवशी मोठ्यानं वाचलेले हवेत. अमेरिकेतले धर्म-अभ्यासक लेनर्ड स्विडलर यांनी १९८० च्या दशकात संवादाचे दहा नियम मांडले, त्यातले दोन मला अपरिहार्य वाटतात. एक, आपला आदर्श त्यांच्या व्यवहाराशी तोलायचा नाही. आदर्श आदर्शाशी, व्यवहार व्यवहाराशी. आपल्या बाजूनं संत आणि त्यांच्या बाजूनं दंगलखोर असा सामना लावला की निकाल आधीच लागलेला असतो. दोन, मी तुमच्या श्रद्धेचं जे वर्णन करतो त्यात तुम्हाला स्वतःची ओळख पटली पाहिजे. हा नियम राबवायची सोपी रीत आहे. विरोध करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. पहिल्यांदा बहुतेकांना दोन-तीन खेपा लागतात. स्वीडिश बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांची त्यात आणखी एक भर आहे: ‘पवित्र मत्सरा’ला जागा ठेवा. समोरच्याच्या धर्मातली एखादी गोष्ट अशी दिसावी की हे आपल्याकडे असतं तर, असं वाटावं. यात आपला धर्म सोडायचा प्रश्न येत नाही. उलट, आपल्याकडे काय कमी आहे हे बघायला घट्ट बैठक लागते.

तिसरा नियम माझ्या मते लेखीच हवा: कुठेतरी दूर कुणीतरी केलेल्या कृत्याचा जाब इथल्या माणसाला विचारायचा नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी एखादी भीषण बातमी येते, आणि मग ‘यावर तुमचं काय म्हणणं?’ असा प्रश्न एकाच दिशेनं फेकला जातो. त्या क्षणी गोल मोडतो आणि पिंजरा उभा राहतो. तो विषय टाळावा असं नाही. त्याला वेगळी बैठक द्यावी, आणि तिथे प्रत्येकानं स्वतःच्या परंपरेतल्या हिंसेविषयी बोलावं.

शब्दांची गडबड मात्र नियमांनी सुटत नाही. ‘ईश्वराचं स्मरण करून सुरुवात करू या’ म्हटलं की बौद्ध आणि जैन दाराबाहेर. मुक्ती म्हटलं तर कशापासून? पापापासून, जन्ममरणापासून, की अज्ञानापासून? असे शब्द आले की थांबून विचारावं, तुमच्याकडे याला काय म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ काय? कधी कधी त्यातूनच दार उघडतं. हिब्रूत करुणेला ‘रहमीम’ म्हणतात आणि गर्भाशयाला ‘रेहेम’. अरबीतली ‘रहमत’ आणि गर्भाशयाचा ‘रहम’ही त्याच धातूतले. आपल्या कळवळ्यात कळ आहे. हे सगळं एकच नव्हे, पण करुणा डोक्यात सुरू होत नाही, आतड्यात होते, एवढं तरी या भाषांना माहीत होतं.

एवढं करून शांतता येते का? इथे हात जरा आखडता घ्यावा लागतो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं की संपर्कानं पूर्वग्रह कमी व्हायचा तर चार गोष्टी हव्यात: समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य, आणि संस्थेचं किंवा अधिकाऱ्यांचं पाठबळ. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले आणि संपर्कानं पूर्वग्रह सरासरीनं कमी होतो असं दाखवलं. पण त्याच दोघांच्या आधीच्या कामात दिसलं होतं की हा परिणाम बहुसंख्याकांवर जास्त होतो, अल्पसंख्याकांवर कमी. आणि २००९ चा एक प्रयोग तर झोंबणारा आहे. एका गटाच्या हाती वाटप करायची सत्ता होती, दुसऱ्याच्या हाती नव्हती. फक्त साम्यावर गप्पा मारल्यावर दुबळ्या गटाला वाटू लागलं की आता आपल्याला न्याय्य वाटा मिळेल. बलवान गटानं प्रत्यक्ष वाटप केलं ते पहिल्यासारखंच विषम. म्हणजे ‘सगळे एकच’ हे वाक्य एकाला दिलासा देतं आणि दुसऱ्याला फसवतं. ज्या गोलात ‘घर भाड्यानं मिळत नाही, प्रार्थनास्थळाला परवानगी मिळत नाही’ हे बोलायला जागा नसते, त्या गोलातली शांतता बहुसंख्याकांच्या सोयीची असते.

इराकमधला सलमा मूसा यांचा अभ्यासही (२०२०) विसरता येत नाही. आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले, काहींत नाही. मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू पुढेही मुस्लिमांबरोबर सराव करत राहिले, उत्तम खिलाडूवृत्तीसाठी दुसऱ्या संघातल्या मुस्लिमांना मत देऊ लागले. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी वागणं मात्र फारसं बदललं नाही. गोलात जे घडतं ते गोलाबाहेर आपोआप जात नाही. त्याला वाहून नेणारी माणसं लागतात, आणि तीही दोन्ही बाजूंची.

नायजेरियातल्या कदुना शहरात अशी दोन माणसं आहेत. इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये हे १९९२ च्या दंगलींत एकमेकांविरुद्धच्या सशस्त्र गटांत होते. वुये यांचा उजवा हात तुटला. अशाफा यांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. १९९५ मध्ये त्यांनी एकत्र काम सुरू केलं, आणि २००२ च्या कदुना शांतता घोषणेसाठी दोन्ही धर्मांच्या नेत्यांना बसवण्यात त्यांचा हात होता. गोष्ट सांगताना लोक इथेच पूर्णविराम देतात. वुये यांनी स्वतः सांगितलेला भाग गाळला जातो: एकत्र काम सुरू झाल्यावरही काही वर्षं सूडाचा विचार त्यांच्या मनात होता. आणि दोघांनीही आपला धर्म सौम्य केला नाही. एकाला मशिदीतल्या क्षमेवरच्या प्रवचनानं वळवलं, दुसऱ्याला ‘द्वेष मनात ठेवून ख्रिस्ताचा प्रचार करता येत नाही’ या टोकण्यानं. दोघंही आपापल्या विहिरीत खोल उतरले, तेव्हा पाणी लागलं.

ते खोल उतरणं म्हणजेच साधना, आणि बैठका चालवणाऱ्यांना तिची गरज सर्वांत जास्त. दुसऱ्याच्या जखमा वर्षानुवर्षं ऐकणारी माणसं थकतात, कोरडी होतात. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदू-अभ्यासकांच्या प्रयोगांत लोकांना आधी दुसऱ्याचं दुःख स्वतः अनुभवण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांचा स्वतःचा त्रास वाढला. मग त्यांनाच करुणेचा सराव दिला, म्हणजे दुःखी माणसासाठी शुभ चिंतायचा, तेव्हा तो त्रास उतरला. बुद्धघोषानं शोकाला करुणेचा जवळचा शत्रू म्हटलं ते याच जागी. त्याची मैत्रीभावनेची रीत पायरीपायरीची आहे: आधी स्वतःसाठी, मग आदरणीय प्रिय व्यक्तीसाठी, मग ज्याच्याविषयी राग-लोभ काहीच नाही अशासाठी, आणि सर्वांत शेवटी वैऱ्यासाठी. उत्साही लोक थेट वैऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या मिनिटाला जुनी भांडणं मनात नव्यानं लढतात. तसं झालं तर एक पायरी मागे यायचं, एवढंच. रोज दहा मिनिटं पुरतात.

बैठकीत एकत्र प्रार्थना करावी का, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. सर्वांना चालेल अशी मिळमिळीत प्रार्थना लिहू नये. ती कुणाचीच नसते. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी इटलीतल्या असिसीत पोप जॉन पॉल दुसरे यांनी वेगवेगळ्या धर्मांच्या प्रमुखांना बोलावलं तेव्हा फरक नेमका केला होता: एकत्र प्रार्थना करायची नाही, प्रार्थनेसाठी एकत्र यायचं. प्रत्येक परंपरेनं आपल्या जागी, आपल्या शब्दांत प्रार्थना केली आणि मग सगळे एका चौकात आले. १९७९ पासून जपानमधले झेन भिक्षू आणि युरोपातले बेनेडिक्टाइन ख्रिस्ती साधू एकमेकांच्या मठांत राहायला जातात. देव आहे की नाही यावर त्यांचं जुळत नाही. पहाटे उठणं, झाडलोट आणि मौन यांवर जुळतं. आपल्या छोट्या गोलात सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन मिनिटांची शांतता ठेवली तरी चालतं. तीत कुणी नाम घ्यावं, कुणी श्वास मोजावा.

बैठक संपली की एक काम राहतं: वाटलेली पानं मोजून परत घेणं. त्यांवर कुराणाच्या आयती असतात, हिब्रूत ईश्वराचं नाव असतं. ती जमिनीवर पडू द्यायची नाहीत, कचऱ्यात टाकायची नाहीत. ज्यू परंपरेत असे कागद वेगळे साठवून पुरतात. कैरोजवळच्या फुस्तात इथल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, ते पुरायचे राहून गेले, साठत राहिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अभ्यासकांच्या हाती लागले तेव्हा लाखो तुकडे निघाले: प्रार्थना, पण त्याचबरोबर व्यापाराची पत्रं, हिशेब, करार, त्यातली कितीतरी हिब्रू लिपीत पण अरबी भाषेत. याच फुस्तातमध्ये बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मैमोनिदीस राहायचा. त्याच्याकडे निवाड्यासाठी आलेला एक प्रश्न टिकून आहे. एका कारखान्यात काही ज्यू आणि काही मुस्लिम कारागीर भागीदार होते. त्यांनी आपसांत ठरवलं होतं: शुक्रवारची कमाई ज्यूंची, शनिवारची मुसलमानांची.